ऑनलाइन ग्रुप बंद होतोय? आधी माणसं, मग मजकूर, मग नवी जागा

‘हा ग्रुप महिनाअखेरीस बंद होत आहे’ अशी अ‍ॅडमिनची सूचना येते आणि पुढच्या दोन-तीन तासांत जवळपास सगळीकडे तेच घडतं. एक जण घाईघाईने नवा ग्रुप उघडून लिंक टाकतो. दुसऱ्याला ते अ‍ॅप पटत नाही, म्हणून तो भलत्याच अ‍ॅपवर आणखी एक ग्रुप काढतो. तिसरी व्यक्ती ‘असं कसं करू शकता तुम्ही?’ म्हणत अ‍ॅडमिनवर तुटून पडते. या धावपळीत मागे राहणारे लोक ठरलेले असतात. कोणी एका बोटाने किंवा डोळ्यांच्या हालचालीने टाइप करतं, कोणाचं दुखणं नेमकं त्याच आठवड्यात उसळलेलं असतं, कोणी हॉस्पिटलमध्ये असतं, आणि कोणी वर्षानुवर्षं नुसतं वाचत आलेलं असतं. अपंगांच्या ग्रुपमध्ये अशांचीच संख्या मोठी असते.

ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदा आलीय त्यांच्यासाठी हा लेख आहे. आधी माणसं वाचवा, मग मजकूर, आणि नवी जागा सगळ्यात शेवटी बघा. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो आणि तिथेच सगळं बिनसतं.

पायरी १: नेमकं काय जातंय ते विचारून घ्या

‘बंद होणं’ दर वेळी सारखं नसतं. कधी चालवणारी माणसं थकलेली असतात, जागा मात्र शाबूत असते. अशा वेळी जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवता येते, पण हा पर्याय कोणी मोकळेपणाने मांडतच नाही. अ‍ॅडमिन बहुधा स्वतः अपंग असतात, एक पैसाही न घेता हे काम करत असतात, आणि रात्री-अपरात्री आलेल्या ‘आता जगायचं नाही’ अशा मेसेजना उत्तरं देऊन पिळून निघालेले असतात. त्यांना जाब विचारण्याऐवजी ‘नव्या सदस्यांना आत घेण्याचं काम मी बघते’ एवढं सांगा. कधी कधी तेवढ्यावरही निर्णय पुढे ढकलला जातो.

कधी कंपनीच सेवा गुंडाळते. ऑर्कुटने २०१४ च्या जूनअखेर जाहीर करून ३० सप्टेंबरला दार लावलं. गूगल प्लसची सर्वसामान्यांसाठीची सेवा २ एप्रिल २०१९ ला संपली. याहू ग्रुप्सचा घटनाक्रम मात्र जरा नीट वाचावा असा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये घोषणा झाली की साठवलेला मजकूर १४ डिसेंबरला पुसायला घेणार. ओरड झाल्यावर मजकूर उतरवून घेण्याची मुदत ३१ जानेवारी २०२० पर्यंत वाढली. सेवा पूर्ण थांबली ती त्यानंतर जवळपास वर्षाने, १५ डिसेंबर २०२० ला. मधल्या काळात ई-मेलची देवाणघेवाण चालू होती, पण जुना साठा गेलेला होता. त्यामुळे ‘ग्रुप अजून चालू आहे की’ या भरवशावर राहू नका.

तिसरा प्रकार लवकर लक्षात येत नाही. जागा सगळ्यांना उघडी असते, फक्त तुमच्यासाठी बंद होते. २०२३ मध्ये रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळाने बाहेरच्या अ‍ॅप्सकडून एपीआयच्या (रेडिटचा मजकूर त्यांच्यापर्यंत पोचवणाऱ्या जोडणीच्या) वापराचे पैसे घ्यायचं ठरवलं. रेडिटचं स्वतःचं अ‍ॅप स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवर) नीट चालत नसल्यामुळे अनेक अंध सदस्य बाहेरच्या अ‍ॅप्सवर अवलंबून होते. निषेध झाल्यावर सुगम्यतेसाठी बनवलेल्या, नफा न कमावणाऱ्या मोजक्या अ‍ॅप्सना सूट मिळाली. १ जुलैपासून नवी व्यवस्था लागू झाली. अंधांच्या ग्रुपच्या मॉडरेटरांनी मात्र लेमी या मुक्त प्रणालीवर स्वतःची पर्यायी जागा उभी केली. एखाद्या अपडेटनंतर तुमचा स्क्रीन रीडर, स्विच (एका बटणाने फोन चालवायचं साधन) किंवा आवाजी टायपिंग चालेनासं झालं असेल आणि कंपनी दाद देत नसेल, तर ग्रुप गेला असंच धरा आणि पुढच्या पायऱ्या सुरू करा.

अ‍ॅडमिनला विचारायचं ते इतकंच: शेवटचा दिवस कोणता, त्यानंतर जुनं वाचता येईल की सगळं पुसलं जाईल, आणि सदस्यांची यादी कोणाच्या हातात राहील. मिळालेली उत्तरं ग्रुपच्या वरच्या बाजूला पिन करायला सांगा, नाहीतर तोच प्रश्न रोज कोणीतरी नव्याने विचारत राहील.

पायरी २: माणसं

सगळ्या सदस्यांची यादी करायला जाऊ नका, ते कोणाच्याच हातून पुरं होत नाही. दोन छोट्या याद्या करा. उद्यापासून कोण दिसलं नाही तर तुम्हाला चुटपुट लागेल, ही पहिली. तुम्ही दिसला नाहीत तर कोणाच्या लक्षात येईल, ही दुसरी. दोन्हींत तीच नावं असतील असं नाही. दुसऱ्या यादीत पुष्कळदा असं नाव निघतं की ज्याच्याशी तुमचं फारसं बोलणंच झालेलं नसतं, पण तुम्ही चार दिवस गप्प राहिलात की ‘बरं आहे ना?’ असं विचारणारी तीच व्यक्ती असते.

प्रत्येकाला वेगळा मेसेज पाठवा. शब्द सुचत नसतील तर हे घ्या:

‘नमस्कार. ग्रुपवर मी अमुक नावाने लिहिते. ग्रुप ३० तारखेला बंद होतोय. तुमच्याशी संपर्क राहावा असं वाटतं. चालणार असेल तर तुम्हाला सोयीचा मार्ग कळवा. ई-मेल, लेखी मेसेज, व्हॉइस नोट, काहीही चालेल. नको असेल तर उत्तर दिलं नाहीत तरी हरकत नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. या ग्रुपमध्ये बरेच जण टोपणनावाने वावरतात. नोकरीच्या ठिकाणी आजार सांगितलेला नसतो, घरी कोणाला ग्रुपबद्दल ठाऊक नसतं, किंवा ज्याच्यापासून लांब राहायचंय असा माणूस पाळतीवर असतो. नकार देण्याची सोपी वाट ठेवली की होकारही निर्धास्तपणे येतो.

फोन नंबर मागायची सवय मात्र सोडा. बहिऱ्या माणसाला कॉल निरुपयोगी. ज्यांचं बोलणं स्पष्ट नाही त्यांना कॉल म्हणजे शिक्षा. टाइप करताना हात दुखतात त्यांना लांबलचक चॅट झेपत नाही, अंधबधिर व्यक्ती ब्रेल डिस्प्लेवर वाचत असेल तर फोटोत लिहिलेला मजकूर तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून ‘मार्ग कळवा’ असंच विचारावं, आणि जो सांगतील त्याच्यापुढे वहीत तसं लिहून ठेवावं: ‘फक्त लेखी’, ‘संध्याकाळी नको’, ‘उत्तराला आठवडा लागतो’.

ज्यांची तब्येत वरचेवर ढासळते त्यांच्याशी तुमचं तेवढं जवळचं नातं असेल तर घरातल्या किंवा शेजारच्या एका व्यक्तीचा संपर्क विचारा. त्यांच्या परवानगीनेच, आणि त्या व्यक्तीला तुम्ही कोण हे आधी सांगितलेलं असावं. ग्रुप गेल्यावर ‘ती सध्या बोलत का नाही?’ याचं उत्तर देणारं दुसरं कोणी उरत नाही.

आता राहिले मूक वाचक आणि हॉस्पिटलमध्ये असलेले. त्यांच्यासाठी एक काम करता येतं. ग्रुपसाठी एक नवा ई-मेल पत्ता काढा, पासवर्ड दोघांकडे ठेवा आणि शेवटच्या पोस्टमध्ये तो पत्ता द्या: ‘ग्रुप बंद झाल्यावर कधीही आलात तरी इथे लिहा, पुढची वाट सांगू.’ पत्ता निदान वर्षभर चालू ठेवा आणि मधून मधून उघडून बघा. सहा महिन्यांनी ‘मला आत्ताच कळलं’ अशी मेल येते ती याच पत्त्यावर.

या पायरीत एक अवघड गोष्ट येते, ती टाळू नये. जुन्या ग्रुपमध्ये गेलेली माणसं असतात. स्नायूंचे ऱ्हासाचे आजार, सिस्टिक फायब्रोसिस, मोटर न्यूरॉनचा आजार अशा गोष्टींवरच्या ग्रुपमध्ये तर दर काही महिन्यांनी एखादं नाव कमी होतं. त्यांनी लिहिलेलं सगळं तिथेच पडलेलं असतं आणि त्यांच्या घरच्यांना बहुधा त्याचा पत्ताच नसतो. तुमची ओळख असेल तर घरच्यांना एकदा विचारा: ‘त्यांनी इथे पुष्कळ लिहिलंय. जपून ठेवू का? तुम्हाला हवंय का?’ काही जण नको म्हणतील. त्यातलं काही आईवडिलांना, जोडीदाराला न सांगितलेलंही असू शकतं, म्हणून सगळा गठ्ठा त्यांच्या हाती देण्याआधी स्वतः चाळून घ्या. जे फक्त ग्रुपपुरतं बोललेलं होतं ते ग्रुपबरोबर गेलं तरी चालेल, असं माझं मत आहे.

पायरी ३: मजकूर

सगळं वाचवायच्या नादाला लागलात तर काहीच हाती लागत नाही. शुभेच्छा, विनोद, भांडणं राहू द्या. जे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही ते आधी घ्या.

ते कसं असतं? एक उदाहरण घेऊ. व्हीलचेअरवर बसायच्या हवेच्या गादीत हवा कमी असेल तर हाड तळाला टेकतं, जास्त असेल तर माणूस डुगडुगतो आणि दाब एकाच जागी येतो. दोन्हींत जखमेची भीती. गादीबरोबरच्या पत्रकात लिहिलेलं असतं की बसलेल्या माणसाचं सगळ्यात खाली येणारं हाड आणि गादीचा तळ यांत साधारण अर्धा ते एक इंच अंतर हवं, आणि ते हात आत सरकवून तपासावं. पण बोटांना स्पर्शच कळत नसेल तर? मदतीला रोज वेगळी व्यक्ती येत असेल तर तिला हे दोन मिनिटांत कसं समजवायचं? लांबच्या प्रवासात गादी कशी बदलते? याची उत्तरं पत्रकात नसतात. ती कोणीतरी चार वर्षांपूर्वी रात्री एक वाजता, दुसऱ्या कुणाच्या घाबऱ्या प्रश्नाला लिहिलेली असतात. असे चर्चेचे धागे आधी उचला.

तसाच दुसरा साठा म्हणजे जिवावर बेतणाऱ्या गोष्टींचा. मज्जारज्जूला टी६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वर इजा झालेल्यांना मूत्राशय तुंबणं, कॅथेटरची नळी वाकणं अशा साध्या कारणानेही रक्तदाब एकदम चढू शकतो. हे वैद्यकीय पुस्तकांत आहे, पण घाईच्या वेळी समोरच्या डॉक्टरला काय दाखवायचं, खिशातल्या कार्डावर काय लिहायचं, हे सदस्यांनी एकमेकांना शिकवलेलं असतं.

घेताना चार गोष्टी बघा. तारखेसकट घ्या, कारण औषधं, यंत्रांची मॉडेलं, सरकारी नियम बदलतात आणि बिनतारखेचा सल्ला पुढे घातक ठरू शकतो. खालच्या प्रतिक्रियांसकट घ्या, मूळ सल्ल्याला कोणी ‘हे करू नका’ म्हटलेलं असेल तर ते तिथेच सापडतं. लिहिणाऱ्याचं नाव काढून टाका. आणि स्क्रीनशॉट घेऊ नका.

स्क्रीनशॉटबद्दल थोडं जास्त सांगते. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडरला सरळ वाचता येत नाहीत. अक्षरं ओळखणारी साधनं वापरावी लागतात आणि ती चुका करतात, त्यात देवनागरी असेल तर विचारू नका. घाईत प्रिंट करून बनवलेल्या पीडीएफमध्येही मथळ्यांची आणि क्रमाची रचना हरवू शकते. साधा मजकूर कॉपी करून फाइलमध्ये चिकटवा, प्रत्येक विषयाला मथळ्याची शैली द्या. मग एनव्हीडीए हा संगणकावरचा स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती नुसतं एच दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. फोटो वाचवलात तर खाली दोन ओळींचं वर्णन लिहा. सांकेतिक भाषेतले व्हिडिओ व्हिडिओ म्हणूनच ठेवा. त्यांचा लेखी सारांश केला तरी मूळ फाइल टाकून देऊ नका.

साधनांचं बोलायचं तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चॅट एक्स्पोर्ट करता येतं, पण फोटो-व्हिडिओंसकट अलीकडचे १०,००० आणि त्यांच्याशिवाय ४०,००० मेसेज एवढीच मर्यादा आहे. जुना ग्रुप असेल तर सुरुवातीचं येणारच नाही, ते हाताने घ्यावं लागेल. फेसबुकवरून आपली माहिती डाउनलोड केली तर तुमचं स्वतःचं लिखाण मिळतं, ग्रुपमधलं इतरांचं नाही. इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन फक्त सर्वांना उघडी असलेली पानं साठवतं. लॉगिनमागचं त्याला दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर दिसू नये हेच बरं.

कारण हा मजकूर दुसऱ्यांच्या शरीराबद्दलचा आहे. मूत्राशय, लैंगिक आयुष्य, मानसिक आजार, घरातली मारहाण. बंद खोलीत विश्वासाने बोललेलं उघड्यावर मांडायचा हक्क कोणालाच नाही, मग हेतू कितीही चांगला असो. स्वतःपुरतं ठेवायला सहसा अडचण नाही. नव्या जागी टाकायचं असेल तर लिहिणाऱ्याची परवानगी घ्या, आणि ती व्यक्ती सापडत नसेल तर ओळख पटणार नाही अशा रीतीने फक्त माहिती तुमच्या शब्दांत लिहा.

सूचना न देताच गेला तर

अकाउंट हॅक होतं, तक्रारींच्या भडिमाराने ग्रुप उडवला जातो, कधी वाद होऊन अ‍ॅडमिन एका रात्रीत सगळं पुसून टाकतो. अशा वेळी सगळ्यात आधी तुमचा ई-मेलचा इनबॉक्स उघडा. ‘अमुकने उत्तर दिलं’ अशा जुन्या सूचनांच्या मेलमध्ये पुष्कळदा अख्खी पोस्ट असते. ग्रुपच्या नावाने शोधा, स्पॅम आणि ट्रॅशमध्येही बघा, आणि जे सापडेल ते वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. सदस्यांची नावं तिथूनच मिळतात. फोनमधलं व्हॉट्सअ‍ॅप चॅट ग्रुपमधून बाहेर पडल्यावरही तुम्ही डिलीट करेपर्यंत राहतं, म्हणून रागाच्या भरात ते पुसू नका.

पायरी ४: मधला रिकामा काळ

अमेरिकेतले शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं की ज्याला समाज दुःख म्हणून मान्यच करत नाही. ज्याचा शोक उघडपणे करता येत नाही, ज्यासाठी कोणी भेटायला येत नाही. ऑनलाइन ग्रुप जाणं त्यात अगदी चपखल बसतं. घरचे म्हणतात, ‘अगं, दुसरा ग्रुप जॉइन कर.’ त्यांना त्यात वावगं काही वाटत नाही. पण जिथे आपला आजार पहिल्यापासून समजावून सांगावा लागत नव्हता अशी जागा गेलेली असते, आणि घराबाहेर पडणं जमत नसेल तर अशी ती एकमेव जागाही असू शकते. घरच्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर पर्याय सुचवू नका, ‘तिथे कोण कोण होतं?’ असं विचारा आणि ऐका.

या काळात एक गोष्ट ताबडतोब करायची असते. तो ग्रुप तुमची सुरक्षेची दोरी होता का ते बघा. तुम्ही एकटे राहता आणि ‘सकाळी ग्रुपवर दिसले नाही तर कोणीतरी विचारतं’ अशी सवय असेल, तर ग्रुपच्या शेवटच्या दिवसाआधी दोन माणसं ठरवून टाका. ठरलेल्या वेळी एक अक्षर, एक इमोजी पाठवायचा. आला नाही तर त्यांनी काय करायचं, कोणाला कळवायचं, किल्ली कुठे आहे, हे लिहून द्यायचं. आणि ग्रुपच्या आधारावर कोणी आत्महत्येच्या विचारांना तोंड देत असेल तर नव्या ग्रुपची वाट बघत बसू नये. डॉक्टर, समुपदेशक किंवा आपल्या भागातली हेल्पलाइन आत्ताच गाठावी. हेल्पलाइन निवडताना लेखी चॅटची सोय आहे का ते आधी बघून ठेवा, कारण नुसत्या फोनवर चालणारी सेवा बहिऱ्या किंवा बोलू न शकणाऱ्या माणसाच्या उपयोगाची नाही.

पायरी ५: नवी जागा

आता कुठे हा प्रश्न घ्यायचा. आणि तो ‘कोणतं अ‍ॅप भारी?’ असा घेऊ नये. तुमच्या यादीतल्या ज्या व्यक्तीला तंत्रज्ञान वापरणं सगळ्यात अवघड जातं तिला आधी तिथे पाठवा. ती खातं उघडू शकली, पोस्ट वाचू शकली, उत्तर देऊ शकली आणि नको असेल तेव्हा सूचना बंद करू शकली, तर जागा चालेल. बाकीचे जुळवून घेतात.

घोडं बहुधा पहिल्याच पानावर अडतं. चित्रातली वाहनं ओळखा असा कॅप्चा आला की अंध माणूस अडकला, आवाजी कॅप्चा दिला तर अंधबधिर अडकला. स्वतः तपासायचं असेल तर माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने खातं उघडून बघा. मग फोनमधला स्क्रीन रीडर (आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक) चालू करून, डोळे मिटून एक पोस्ट टाका. बटणाचं नाव ऐकू येण्याऐवजी नुसतं ‘बटण, बटण’ ऐकू आलं तर ते अ‍ॅप सोडून द्या. फक्त आवाजावर चालणाऱ्या जागांपासून सावध राहा. क्लबहाउस २०२० मध्ये आलं तेव्हा त्यात कॅप्शनच नव्हतं, आणि बहिऱ्या लोकांना दारातच थांबावं लागलं. सतत धावणारं चॅटही पुष्कळांना पेलत नाही: थकव्याचा आजार असलेला माणूस तीन दिवसांनी आला की हजारभर मेसेजखाली आपला प्रश्न गाडला गेलेला बघतो. माझी स्वतःची पसंती अजूनही जुन्या पद्धतीच्या ई-मेल गटाला आहे. दिसायला कंटाळवाणा असतो, पण कोणत्याही स्क्रीन रीडरवर, जुन्या फोनवर, हळू इंटरनेटवर चालतो, आणि प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये आपोआप प्रत राहते. तरुण मंडळींना ते पटत नाही, हेही मान्य.

घाईच्या दिवसांत भामटेही फिरतात. ‘जुन्या ग्रुपची नवी अधिकृत लिंक’ म्हणून खोटी लिंक येते, ‘सर्व्हरसाठी वर्गणी’ मागितली जाते, आणि अपंग बायकांचे फोटो लैंगिक हेतूने गोळा करणारे लोक सदस्य म्हणून शिरतात. ज्या दोघांनी ग्रुपचा ई-मेल पत्ता चालवायला घेतलाय त्यांच्याकडून खात्री झाल्याशिवाय कुठेही फोटो, प्रमाणपत्र किंवा पैसे देऊ नका.

नव्या जागेचे नियम लिहायला बसलात की पहिल्याच दिवशी बंद करण्याचा नियमही लिहा. अ‍ॅडमिन किमान तीन असावेत. मालकीचा पासवर्ड त्यातल्या दोघांकडे तरी असावा. बंद करायचं ठरलं तर निदान तीन महिने आधी सांगायचं आणि त्यातला शेवटचा महिना फक्त वाचण्यासाठी उघडा ठेवायचा. उपयोगी धाग्यांची मजकूर-फाइल दर तीन महिन्यांनी बनवायची, आणि ती कोणी बनवायची त्याचं नाव नियमातच टाकायचं.